गाडी बांधावी की मोडीत काढावी?

माहेरी फोन केला की माझ्या चौकशीचा एक क्रम ठरून गेला आहे. आधी आईचा गुडघा, मग म्हैस, मग भात कुठवर आले ते, आणि मग हमखास चौथा प्रश्न : "गाडी कशी आहे?" कॉलेजातल्या माझ्या सहकाऱ्यांना याची मोठी मौज वाटते. वर्गात संतवाङ्‌मय शिकवणाऱ्या बाईने मधल्या सुट्टीत कोपऱ्यात उभे राहून "ऑइल किती खाते रे?" असे विचारावे, हे त्यांना विपरीत वाटणे साहजिक आहे. पण पोलादपूर तालुक्यातल्या ज्या घरात मी वाढले, त्या घरची चूल त्या गाडीच्या चाकांवर पेटते. तेव्हा तिची प्रकृती ही आमच्या घरच्यांचीच प्रकृती.

गाडी म्हणजे महिंद्राची बोलेरो पिकअप. दादाने ती २००८ साली कर्ज काढून घेतली. पुढे दोन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा, आणि नाकाखाली अडीच लिटरचे, चार सिलिंडरांचे साधे डिझेल इंजिन. पावसाळ्याआधी पत्रे आणि सिमेंट, गणपतीच्या आधी पेणहून मूर्ती, थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आंबेनळी घाटाने खाली, लग्नसराईत मांडवाचे बांबू आणि भांडी, असा तिचा वर्षाचा संसार. अडल्यानडल्याला रात्रीबेरात्री बाळंतीणही तिने महाडला पोचवली आहे; कायद्याला ते मंजूर नसेल, पण वाडीवरच्या माणसांना मंजूर होते.

या गाडीला २०२१ सालच्या जुलैत जे झाले, आणि त्यानंतर आमच्या घरात महिनाभर जी चर्चा चालली, ती सांगण्यासाठी हा लेख. जुनी वस्तू दुरुस्त करावी, तिच्यात सुधारणा करावी, की ती टाकून नवी आणावी, हा प्रश्न शिवणयंत्रापासून राहत्या घरापर्यंत आपणा सर्वांना कधी ना कधी पडतोच. आमच्यापुढे तो पडला तेव्हा त्याच्यावर गाळाचा हातभर थर होता.

ती रात्र

आषाढी एकादशीचा दुसरा दिवस होता, २१ जुलै. दादा महाडच्या एका दुकानात माल उतरवून संध्याकाळी माझ्याकडे चहाला आला. पाऊस असा लागला होता की समोरचे घर दिसेना. पोलादपूर महाडहून वीस किलोमीटरांच्या आतच, दादा म्हणाला, "निघतो, तासाभरात घरी पोचेन." मीच त्याला अडवले. "वर डोंगरात काय पडतंय देव जाणे, आजची रात्र राहा." त्याने गाडी आमच्या इमारतीच्या खाली लावली आणि तो राहिला.

महाड हे सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या कुशीत वसलेले गाव. सावित्री उगम पावते महाबळेश्वरी आणि समुद्राला मिळते बाणकोटला. वर डोंगरात कोसळले की पाणी धावत खाली येते, आणि त्याच वेळी खाडीला भरती असली तर त्याला पुढे उतार मिळत नाही. महाडकरांना पूर नवा नाही. २००५ सालच्या जुलैतल्या पुराच्या आणि त्या वेळी जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर कोसळलेल्या दरडींच्या आठवणी अजून ताज्या आहेत. पण या खेपेला महाबळेश्वरला २२ ते २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या जिन्याच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली गेल्या. मी मेणबत्ती घेऊन पायऱ्या मोजत होते आणि दादा माझ्यामागे उभा राहून काहीच बोलत नव्हता. त्याची गाडी केव्हाच दिसेनाशी झाली होती.

त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी माणसे नेली. आमच्या घरची माणसे सुखरूप असल्याचा निरोप मिळेपर्यंत गाडीचा विचारही कोणी केला नाही. निरोप मिळाल्यावर मात्र दादा जिन्यात बसला आणि म्हणाला, "गाडी गेली गं." मीच राहा म्हटले नसते तर ती पोलादपुरात उंचावर सुरक्षित असती, हे तो बोलला नाही. तो बोलला नाही म्हणूनच मला ते अधिक लागले.

एक 'टक्' असा आवाज

पाणी ओसरल्यावर महाडच्या रस्त्यांत गाड्यांचा जो खच दिसला तो विसरणे कठीण आहे. मोटारी एकमेकींच्या पाठीवर चढलेल्या, रिक्षा भिंतींना टेकून उभ्या, आणि सगळ्यांवर एकच करडा रंग. प्रत्येकाच्या हातात किल्ली होती, आणि ती फिरवून पाहण्याचा मोह प्रत्येकाला होत होता.

हा मोह कसा घातक आहे, ते वाचकांना सांगितलेच पाहिजे. कारण पूर काही महाडचीच मिरास नव्हे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरातली हवा पिस्टन वर येऊन सोळा-अठरा पटींनी दाबतो. त्या दाबाने ती इतकी तापते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. हवा दाबता येते. पाणी दाबता येत नाही. सिलिंडरात पाणी असताना स्टार्टर मारला की पिस्टन वर येतो, पाण्याला अडतो, आणि त्याला ढकलणारा जो कनेक्टिंग रॉड, तो वाकतो. हे इंजिन शोधून काढणारे रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्ग येथे त्याची चाचणी यशस्वी करून दाखवली, आणि १९१३ साली इंग्लिश खाडीतून जाणाऱ्या बोटीवरून ते बेपत्ता झाले. त्यांचाही शेवट पाण्यातच झाला. असो.

बुडालेल्या गाडीची किल्ली न फिरवता आधी बॅटरी सोडवावी, नोजल काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढावे, ऑइल बदलावे, टाकी धुवावी, हवेच्या जाळीतला गाळ काढावा. एवढे केले तर पुष्कळ इंजिने वाचतात. दादाला हे सगळे ठाऊक होते. पहिले तीन दिवस त्याने गाडीला हात लावला नाही. मिस्त्री कोणी रिकामा नव्हता. चौथ्या दिवशी शेजारच्याची गाडी सुरू झाली, आणि दादाचा धीर सुटला. त्याने किल्ली फिरवली. 'टक्' असा एक आवाज झाला आणि सगळे थांबले. मी वरच्या मजल्यावर भांडी घासत होते. तो आवाज मला तिथे ऐकू आला.

तीन सल्लागार

गाडी ओढून पोलादपूरला नेली आणि घराघरांतून सल्ले सुरू झाले.

पहिला सल्ला आमच्या ह्यांचा. हे बँकेत आहेत, म्हणजे त्यांना प्रत्येक दुखण्यावर कर्ज हे औषध दिसते. ते म्हणाले, तेरा वर्षांची गाडी. तिच्यावर पैसा घालणे म्हणजे वाळूत पाणी ओतणे. विमा होता तो केवळ तिसऱ्या पक्षापुरता, तेव्हा तिकडून दमडी मिळायची नाही. भंगारवाला ५५ हजार देतो आहे ते घ्यावे आणि नवी पिकअप आणावी. त्यात भर म्हणजे, जुनी वाहने मोडीत काढण्याचे केंद्र सरकारचे धोरण त्याच वर्षी फेब्रुवारीतल्या अंदाजपत्रकात जाहीर झाले होते, आणि पूर ओसरून तीन आठवडे होतात तोच, १३ ऑगस्टला, त्याचा रीतसर आरंभ झाला. व्यवसायाच्या गाडीला पंधरा वर्षांनंतर यंत्रावरच्या तपासणीत उतरावे लागणार, नापास झाली तर मोडीत जाणार. उलट नोंदलेल्या केंद्रात गाडी मोडीत दिल्याचा दाखला असेल तर नव्या गाडीच्या करात सवलत मिळणार. हे म्हणाले, "दोन वर्षांनी जे करायचं ते आजच करा." बोलणे बिनतोड होते.

दुसरा सल्ला एका तरुण फिटरचा. तो म्हणे, हे इंजिन कशाला बांधता? अपघातात गेलेल्या एका नव्या पिकअपचे टर्बोचे इंजिन माझ्या नजरेत आहे. ते बसवून देतो. घाटात गाडी अशी चढेल की मागच्याला धूर दिसायचा नाही! दादाचे डोळे लकाकले. आंबेनळीच्या चढावर भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत नेताना त्याने किती वर्षे काढली होती, ते मला माहीत आहे.

इंजिन बदलण्याचा हा छंद काही आजचा नाही. एके काळी महाराष्ट्रात जुन्या पेट्रोल जीपना डिझेल इंजिने बसवण्याची लाटच होती. १९७३ नंतर पेट्रोल महागले, आणि जीपवाल्यांना तिची भूक परवडेना. पुढे १९७९ साली महिंद्र कंपनीनेच फ्रान्सच्या पूजो कंपनीकडून डिझेल इंजिन बनवण्याचा परवाना घेतला. तिकडे क्यूबात १९५० च्या सुमाराच्या अमेरिकन मोटारी अजून रस्त्यावर दिसतात; अमेरिकेने व्यापार बंद केल्यावर सुटे भाग मिळेनात, म्हणून तिथल्या कारागिरांनी त्यांच्या पोटात मिळतील ती परकी डिझेल इंजिने बसवून त्या चालत्या ठेवल्या. माणसाला नड लागली की तो काय करील याला सीमा नाही.

तिसरा सल्ला देणारे मिस्त्री. हे गृहस्थ साठीपलीकडचे. बोलणे थोडे, आणि तेही गाडीकडे पाहून. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा वाटले, इंजिन उघडून बसले असतील. पाहते तो स्वारी गाडीच्या खाली उताणी पडून हातोडीने ठोकते आहे!

"इंजिन वर आहे ना, काका?" मी विचारले.

"इंजिनाचं मागनं बघू, बाई. आधी चासी बघतो. घराचा पाया कुजला असंल तर वर माडी चढवून काय करायची?"

चासी म्हणजे गाडीचा सांगाडा, ज्यावर बाकी सगळे उभे असते. आमच्या कोकणच्या पावसात इंजिन मरायच्या आधी पुष्कळदा सांगाडाच गंजून मरतो. हातोडी मारली की खणखणीत आवाज आला तर लोखंड जिवंत. भद्द आवाज आला, पापुद्रे गळले, तर गाडीवर पुढे पैसा घालू नये. दादा दर वर्षी मृगाच्या आधी गाडीच्या खालून जुने ऑइल फासत असे, आणि वहिनी त्याला अंगणात डाग पडतात म्हणून बोल लावी. त्या डागांची किंमत आज कळली. मिस्त्री खालून बाहेर आले, हात पुसले, आणि म्हणाले, "खण्ण वाजतीय. आता इंजिन खोलू."

मला भाषेची खोड आहे, म्हणून सांगते. हे लोक इंजिन 'खोलतात' आणि मग 'बांधतात'. दुरुस्त करणे हा शब्द त्यांच्या तोंडी फारसा येत नाही. घर बांधावे, पूल बांधावा, तसे इंजिन बांधावयाचे. इंजिन 'धरते' म्हणजे आतल्या आत आवळून बसते. गाडी ऑइल 'खाते', डिझेल 'पिते', आणि धूर 'मारते'. धुरावरून रोग ओळखण्याचेही एक शास्त्र आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा आणि सुटता न सुटणारा, म्हणजे आत पाणी शिरते आहे किंवा डिझेल न जळताच बाहेर पडते आहे. आमच्या लहानपणी गावचे वैद्य जीभ पाहत, त्यातलाच हा प्रकार.

उघडलेले इंजिन

इंजिन खोलले त्या दिवशी मी मुद्दाम पोलादपूरला गेले. ऑइल बाहेर आले ते चहासारखे दुधाळ होते. हेड उतरल्यावर चार सिलिंडरांची तोंडे दिसली; तिसऱ्यात गाळाचा ओघळ होता. त्याचाच रॉड वाकला होता. बाहेर काढून सरळ पट्टीवर धरला तेव्हा मला काही दिसेना. मिस्त्रींनी पट्टी आणि रॉड यांमधली फट उजेडात धरून दाखवली. केसाएवढी होती. एवढ्या केसाने आमचे घर अडले होते.

मग त्यांनी माझे बोट धरून सिलिंडराच्या वरच्या कडेवर आतून फिरवले. "पायरी लागतीय का?" लागत होती, पण अगदी पुसट. पिस्टन तेरा वर्षे वरखाली होऊन जिथवर घासतो तिथे भिंत झिजते आणि वर न झिजलेला काठ उरतो. त्या काठाला नख अडकले की समजायचे, सिलिंडर घडवून मोठा पिस्टन घालायची वेळ आली. आमचे नख अडकत नव्हते. क्रँकवर ओरखडे नव्हते. पूर आला नसता तर इंजिन आणखी पुष्कळ चालले असते, हे त्यावरून उघड झाले. म्हणजे रोग म्हातारपणाचा नव्हता, घाव होता. आणि निर्णय करताना हाच फरक सर्वांत मोठा ठरला. झिजून गेलेले इंजिन एका ठिकाणी सांधले तर दुसऱ्या ठिकाणी उसवते. घाव बसलेले इंजिन नीट बांधले तर पुन्हा उभे राहते.

फिटरच्या टर्बो इंजिनाविषयी मी मिस्त्रींना विचारले. ते हसले. "बाई, घरात मोठा सासरा आणला की त्याच्या मर्जीनं सगळं घर बदलावं लागतं." त्या एका इंजिनासाठी क्लच बदला, गिअरबॉक्सला झेपते का पाहा, रेडिएटर मोठा घाला, मागच्या कण्याचे दात ते बळ सोसतात का पाहा, आणि चढताना जोर वाढला म्हणजे माणूस माल जास्त भरणार, मग उतरताना ब्रेक कोणाचे? आंबेनळी घाटात २०१८ च्या जुलैत बस दरीत जाऊन तेहतीस माणसे गेली, त्या रस्त्याविषयी आमच्याकडे कोणी चेष्टेने बोलत नाही. शिवाय ते नवे इंजिन चालते संगणकाच्या पेटीवर. पुन्हा पूर आला तर दादाचा जुना पंप उघडून, धुऊन, पुसून परत लावता येईल; भिजलेल्या पेटीला कोण पुसणार?

ज्या गावात पाणी चढते तिथे साधे यंत्र हेच शहाणपणाचे, असे माझेही मत झाले आहे. नव्याचा तिरस्कार म्हणून नव्हे. नवी इंजिने कमी धूर सोडतात, कमी पितात, हे खरेच आहे. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या गाड्यांचा धूर या जुन्या गाड्यांच्या मानाने किती स्वच्छ! पण आमच्यापुढे प्रश्न हवेचा नव्हता, दादाच्या घराचा होता.

कायद्याचा भाग ह्यांनी शोधून काढला. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीच्या पुस्तकात लिहिलेल्या आणि कारखान्याने ठरवून दिलेल्या गोष्टींत मालकाला मनाप्रमाणे बदल करता येत नाही. इंजिन बदलता येते, पण त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे, आणि तेही नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी घेऊन. म्हणजे आमच्यासाठी पेणच्या परिवहन कार्यालयाची. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचाही निकाल जानेवारी २०१९ मध्ये झाला आहे. इंजिनावरचा नंबर आणि पुस्तकातला नंबर जुळला नाही तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी हात वर करण्याची भीती, आणि जुन्या बाजारातून आणलेले इंजिन चोरीचे निघाले तर पोलीस दाराशी. फिटरला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "कोण बघतंय?" हे उत्तर ऐकून दादाच्या डोळ्यांतली लकाकी विझली. तो माणूस सरळ आहे.

वहिनीचा हिशेब

आता उरले दोन मार्ग : हेच इंजिन बांधणे, किंवा नवी गाडी. मी मनातून नव्या गाडीच्या बाजूची होते, आणि त्याचे कारण गाडी नव्हते. माझ्या सांगण्यावरून गाडी बुडाली, तेव्हा नव्या गाडीसाठी आधी भरावे लागणारे दीड लाख मी माझ्या मुदत ठेवीतून द्यावे, म्हणजे माझ्या मनावरचा भार उतरेल, असा माझा हिशेब. तो मी एका रविवारी माहेरी जाऊन मांडला. आई गप्प. दादा खाली बघत राहिला.

वहिनी आतून वही घेऊन आली. ही बाई सातवीपर्यंत शिकलेली, पण गावातल्या बचत गटाचे हिशेब तीच लिहिते. म्हणाली, "वन्सं, तुमचे दीड लाख आले असं धरू. उरलेल्या साडेसात लाखांचा पाच वर्षांचा हप्ता काय पडतो?"

ह्यांनी सांगितलेला आकडा मला पाठ होता. "सोळा हजार तीनशेच्या आसपास."

"आणि ह्यांना डिझेल-टायर जाऊन महिन्याला सुटतात अठरा-वीस हजार, तेही चांगल्या महिन्यात. पावसाचे चार महिने निम्मे. यंदा घाट ठिकठिकाणी खचलाय; स्ट्रॉबेरी खाली येईल की नाही कोण जाणे. मग आम्ही खायचं काय, हप्ता?"

मग तिने दुसरे पान काढले. मिस्त्रींचा अंदाज सत्तर हजार इंजिनाचा. स्टार्टर, डायनॅमो, चाकांची बेअरिंगे, गिअरबॉक्सचे ऑइल, वायरिंग आणि क्लच प्लेट मिळून आणखी पंचवीस. एकूण ९५ हजार. गाडी तीन वर्षे जरी चालली तरी महिन्याला पडतात सव्वीसशे-सत्तावीसशे. चालत्या स्थितीत अशा गाडीला बाजारात दोन लाखांवर येतात, म्हणजे खर्च तिच्या निम्म्या किमतीच्या आतच राहतो. आणि गणेश चतुर्थी १० सप्टेंबरला. त्याच्या आधी पंधरा दिवस जरी गाडी रस्त्यावर आली तर मूर्तींची आणि चाकरमान्यांच्या सामानाची भाडी हातात.

मी म्हटले, "वहिनी, पण माझ्यामुळे..."

ती वही मिटून म्हणाली, "त्या रात्री तुम्ही ह्यांना जाऊ दिलं असतं आणि वाटेत काही झालं असतं, तर मी तुम्हाला काय म्हटलं असतं, ते तुम्हीच बघा."

दादाने माझ्याकडून चाळीस हजार घेतले, उसने म्हणून, आणि पन्नास हजार वहिनीच्या बचत गटातून उचलले. पाच हजार आईने कुठल्याशा डब्यातून काढून दिले. तो डबा आम्हां भावंडांपैकी कोणालाही ठाऊक नव्हता.

पहिले हजार किलोमीटर

ऑगस्टभर महाड परिसरात मिस्त्री मिळणे हेच मोठे भाग्य होते. सुटे भाग बाहेरगावाहून येत. वाकलेला रॉड नवा घातला. इंजिन उघडलेच आहे म्हणून चारी पिस्टनांच्या रिंगा, बेअरिंगे, सगळी पॅकिंगे बदलली. व्हॉल्व्ह घासून बसवले. डिझेलचा पंप आणि नोजल त्यांच्या खास कारखान्यात पाठवून तपासून आणली. पाण्याने पहिला गंज तिथेच धरतो आणि तिथे कसर केली तर बांधलेले इंजिन पुन्हा बसते. मिस्त्रींनी एकाच ठिकाणी हट्ट केला. स्वस्तातली बेअरिंगे त्यांनी परत पाठवली आणि आठ दिवस काम बंद ठेवले. दादा तळमळत होता, ते ढिम्म.

२६ ऑगस्टला इंजिन सुरू झाले. दादाने फोन माझ्या कानाला लागावा म्हणून बॉनेटजवळ धरला. मला त्यातले काय कळणार? पण मी तो आवाज ऐकत राहिले.

बांधलेल्या इंजिनाला पहिले हजार किलोमीटर सांभाळावे लागते. रिंगा आणि भिंत यांची ओळख व्हायची असते म्हणे. जड माल नको, दौड नको, आणि हजार झाले की ऑइल टाकून नवे भरायचे. आणि इकडे गणपती दारात! दादाने तोड काढली. जड सामान दुसऱ्याला दिले आणि स्वतः फक्त मूर्ती आणल्या. शाडूच्या असल्या तरी मूर्ती हौद्यात दाटीने ठेवता येत नाहीत, गवत घालून सुट्या ठेवाव्या लागतात. वजन बेताचे, वेग बेताचा. पेण ते पोलादपूर तो असा गेला की मागच्या गाड्या भोंगे वाजवून कंटाळल्या. त्या वर्षी भाडे कमी मिळाले. पण हजार किलोमीटर गणपतीबाप्पांना बसवून पार पडले.

पुढे २०२३ साली गाडीने पंधरा वर्षे पुरी केली. त्याच्या आदल्या वर्षीपासून एवढ्या जुन्या गाड्यांच्या तपासणीचे शुल्क पुष्कळ पटींनी वाढले आहे. ते दादाला जड गेले, पण गाडी तपासणीत उतरली. माझे चाळीस हजार त्याने त्याच वर्षीच्या भाऊबीजेला परत केले. मी घेत नव्हते. वहिनीने ताटात ठेवले, म्हणून घ्यावे लागले. हे अजून अधूनमधून म्हणतात की नवी घेतली असती तर एव्हाना हप्ते फिटत आले असते. त्यांचे आकडे चूक नाहीत. पण ते घाट खचलेल्या हिवाळ्याचा हप्ता कुठल्या रकान्यात लिहितात, हे मी अजून त्यांना विचारलेले नाही.

काल फोनवर चौथा प्रश्न विचारला. दादा म्हणाला, सकाळी सुरू करताना थोडा निळा धूर मारते, मग जातो. मिस्त्रींनी पाहिले, व्हॉल्व्हची सिले गेली असतील म्हणाले, दिवाळीनंतर आण. चासीवर एका जागी हातोडीचा आवाज मात्र थोडा भद्द येतो आहे. वहिनीने वहीत नवे पान घातले आहे. भाऊबीजेला दोघेही येणार आहेत. गाडी वरच्या रस्त्याला लावून खाली चालत येईन, असे त्याने न विचारता सांगितले.